कपाटातला तिरंगा आणि ओठांवरची प्रतिज्ञा

मैत्रिणींनो, २०२२ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून 'हर घर तिरंगा'ची हाक आली होती. आमच्या सोसायटीतही गच्चीपासून तळमजल्यापर्यंत, कपडे वाळत घालायच्या दोरीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत झेंडेच झेंडे. मीसुद्धा हौसेनं एक आणला, काठी शोधली, बाल्कनीच्या गजाला सुतळीनं बांधला. तीन दिवस कसं छान वाटत होतं!

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. एका हातात नेहमीची बादली, दुसऱ्या हातात सहा-सात झेंड्यांची चळत. एकाला चहाचा चोथा लागलेला, एकाची काठी मोडलेली.

"ताई, हे तुमच्याच बिल्डिंगचं. ओल्या कचऱ्यात होतं. मी बाजूला काढलंय. आता याचं काय करायचं, तेवढं सांगा."

मी नुसती बघत राहिले.

"मला टाकवत नाही हो," त्या म्हणाल्या, "शाळेत होते तेवढी चार वर्षं याला सलाम केलाय."

खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. दोन पदव्या घेतलेली बाई मी, पण फाटलेल्या झेंड्याचं काय करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं. "ठेवा इथे, बघते मी," असं म्हणून मी ते घेतले आणि धुऊन दोरीवर वाळत घातले.

त्याच संध्याकाळी नात अभ्यासाला बसली होती. पुस्तकाचं पहिलं पान उघडून म्हणते कशी, "आजी, पाईक म्हणजे काय गं?" रोज शाळेत प्रतिज्ञा म्हणते, घडाघडा म्हणते, पण त्या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. मी तरी शाळेत असताना कधी विचारला होता? हात पुढे करून, डोळे समोर ठेवून, पोटात भूक लागलेली असताना एका दमात म्हणून टाकायचं, एवढंच आपल्याला ठाऊक!

एका दिवसात दोन प्रश्न, आणि दोन्ही ठिकाणी मी नापास. मग ठरवलं, आपण नीट माहिती काढायची. जे मिळालं ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. त्यात आपल्या बायकांचा वाटा इतका मोठा आहे, की तुम्हालाही माझ्यासारखंच नवल वाटेल.

पुण्यातल्या वाड्यातला झेंडा

आपला आजचा तिरंगा एकाएकी जन्माला आला नाही. त्याच्या आधी बरेच झेंडे होऊन गेले. त्यातला एक परदेशात फडकवला तो एका मुंबईकर बाईनं. भिकाईजी कामा यांचा जन्म १८६१ सालचा, सधन पारशी घरातला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ही बाई घरात बसली नाही, रोग्यांची शुश्रूषा करायला गेली आणि स्वतःच आजारी पडली. उपचारासाठी युरोपात गेली, ती तिथे राहून देशाचं काम करू लागली.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे मादाम कामांनी झेंडा उलगडला आणि जमलेल्या परदेशी प्रतिनिधींना सांगितलं, की हा स्वतंत्र हिंदुस्थानचा झेंडा आहे, याला वंदन करा. त्या झेंड्यावर वर हिरवा, मध्ये केशरी आणि खाली लाल पट्टा होता, मधोमध देवनागरीत 'वंदे मातरम्' अशी अक्षरं होती. देश पारतंत्र्यात, स्वतः परमुलखात, आणि झेंडा मात्र स्वतंत्र देशाचा! काय धीर असेल बाईचा!

त्या काळचा झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी लपवून हिंदुस्थानात आणला. आता तो पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. लक्ष्मी रोडला खरेदीला जाताना आपण नारायण पेठेवरून कितीदा जातो! एकदा वाट वाकडी करून, मुलांचा हात धरून तो बघून या. मादाम कामा १९३५ साली, तीसेक वर्षांनी, थकलेल्या शरीरानं मुंबईला परत आल्या आणि १३ ऑगस्ट १९३६ ला गेल्या. स्वातंत्र्य बघायला त्या राहिल्या नाहीत.

चरख्यापासून चक्रापर्यंत

१९१७ साली लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचाही एक झेंडा होता. पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, त्यावर सात तारे, आणि कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचा युनियन जॅक! कारण तेव्हाची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्य मिळावं अशी होती. झेंडा बघितला की लोकांचं मागणं कळतं, ते असं.

१९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक भरली होती. आंध्रमधल्या पिंगली वेंकय्या नावाच्या गृहस्थांनी गांधीजींपुढे लाल आणि हिरव्या रंगाच्या झेंड्याचा नमुना ठेवला. झेंड्यावर चरखा असावा ही कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा घालायला सांगितला. त्या वेळी लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्वांचा असा अर्थ लावला गेला. मग साहजिकच कुरबूर सुरू झाली. शीख म्हणाले, आमचा रंग कुठे आहे?

एका घरात चार भावंडं असली आणि प्रत्येकाला आपापली वाटणी हवी असली, की आई काय करते? वाटणी बाजूला ठेवते आणि म्हणते, हे सगळ्यांचं. १९३१ साली काँग्रेसनं नेमकं तेच केलं. केशरी, पांढरा आणि हिरवा हे रंग ठरवले, मध्ये चरखा ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, की या रंगांचा कोणत्याही धर्माशी संबंध नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. आजही कुणी हळदीकुंकवाला बसल्या बसल्या "केशरी यांचा, हिरवा त्यांचा" असं म्हणालं, तर तिला सांगा, बाई गं, तो अर्थ १९३१ सालीच मागे पडला.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलं तेव्हा, जून १९४७ मध्ये, राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिनं रंग तेच ठेवले. बदल केला तो मधल्या चिन्हात. पंडित नेहरूंनी घटना समितीत त्याचं कारण सांगितलं. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. चरख्याचं चाक एकीकडे आणि चाती दुसरीकडे, म्हणजे पाठीमागून तो उलटा दिसणार. म्हणून नुसतं चाक ठेवायचं, आणि तेही सारनाथच्या अशोकस्तंभावरचं, चोवीस आऱ्यांचं. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं तो झेंडा स्वीकारला. या अखेरच्या रूपात बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैया यांचा मोठा वाटा होता, असं त्यांची मुलगी लैला तय्यबजी यांनी लिहिलं आहे. गांधीजींना मात्र चरखा जाणं रुचलं नव्हतं. ज्या झेंड्यावर चरखा नसेल त्याला मी वंदन करणार नाही, असं ते त्या दिवसांत म्हणाले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांचंही सगळंच ऐकलं जातं असं नाही, नाही का?

डॉ. राधाकृष्णन यांनी त्या रंगांचा जो अर्थ सांगितला तो मुलांना सांगण्यासारखा आहे. केशरी म्हणजे निरिच्छपणा, म्हणजे पुढाऱ्यानं स्वतःचा फायदा बघू नये. पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याची वाट. हिरवा म्हणजे मातीशी आणि झाडाझुडपांशी आपलं नातं, कारण सगळ्यांचं जगणं त्यावरच. आणि चक्र म्हणजे धर्म, नीती आणि गती. थांबला तो संपला.

ती भेट बायकांनी दिली

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. १४ ऑगस्ट १९४७ ची रात्र. दिल्लीत घटना समितीची बैठक चालू होती. बाराचे ठोके पडले, सभासदांनी उभं राहून देशसेवेची प्रतिज्ञा घेतली. आणि मग त्या सभागृहात एक बाई झेंडा घेऊन पुढे आली. हंसा मेहता त्यांचं नाव. खरं म्हणजे हा मान सरोजिनी नायडूंचा होता, पण त्या हजर नव्हत्या म्हणून हंसाबेन पुढे झाल्या.

त्यांनी तो झेंडा भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं देशाला भेट दिला. या सभागृहावर फडकणारा पहिला झेंडा बायकांची भेट असावी हेच योग्य आहे, अशा अर्थाचं त्या बोलल्या. सर्व जातिधर्मांच्या जवळजवळ शंभर स्त्रियांच्या नावांची यादी त्यांच्या हातात होती. आम्ही केशरी रंग अंगावर घातला, आम्ही लढलो, सोसलं, आज आमचं ध्येय गाठलं, असा त्यांच्या भाषणाचा भाव होता.

हंसाबेन म्हणजे काही नुसत्या मानाच्या पाहुण्या नव्हत्या. पुढे त्या बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचा शब्द येत होता, तो बदलून 'सर्व माणसं' असा व्हावा म्हणून त्यांनीच आग्रह धरला. एका शब्दानं काय होतं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा मैत्रिणींनो, पंधरा ऑगस्टला साहेब दोरी ओढतात आणि आपण मागे उभं राहून मुलांना गप्प करत असतो, त्या वेळी मनात एवढं आणा, की स्वतंत्र देशाला हा झेंडा आपण दिलेला आहे.

ज्यांनी तो खाली पडू दिला नाही

त्या झेंड्याची किंमतही बायकांनी आणि पोरासोरांनी दिली आहे. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला सरकारनं बंदी केली. त्यावरून झेंडा सत्याग्रह पेटला, देशभरातून लोक नागपूरला आले आणि दीड हजाराहून अधिक माणसं तुरुंगात गेली. 'झाँसी की रानी' या कवितेच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनाही तेव्हा नागपुरात अटक झाली होती.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे सगळे पुढारी पकडले गेले. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर झेंडा कोण लावणार? अरुणा असफअली पुढे झाल्या आणि त्यांनी तो फडकवला. आज त्या जागेला आपण ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो.

ठीक एक महिन्यानं, ९ सप्टेंबरला, आपल्या नंदुरबारमध्ये मुलांची मिरवणूक निघाली. झेंडा शिरीषकुमार मेहताच्या हातात होता. वय पंधरा. आपल्या नववी-दहावीतल्या मुलाएवढं! गोळी लागून तो गेला, त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. त्याच सप्टेंबरात आसाममध्ये गोहपूरला सतरा वर्षांची कनकलता बरुआ आणि बंगालमध्ये तामलूकला सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी हाजरा, दोघी हातात तिरंगा घेऊनच पडल्या. एक नात शोभेल अशी, एक आजी.

आणि गोवा? १९५५ च्या सत्याग्रहात मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय तिरंगा घेऊन पुढे गेल्या आणि त्यांनी पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलल्या. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या.

हे सगळं वाचलं आणि माझ्या दोरीवर वाळणाऱ्या त्या सहा झेंड्यांकडे मला नीट बघवेना.

प्रतिज्ञा लिहिणारा माणूस

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा कुणी लिहिली? मी शेजारणींना विचारलं. कुणी म्हणालं साने गुरुजींनी, कुणी म्हणालं नेहरूंनी, कुणी म्हणालं, "अगं, ती कुणी लिहिली असेल असं कधी वाटलंच नाही!"

ती लिहिली पैडिमरी वेंकट सुब्बाराव नावाच्या एका सरकारी नोकरानं. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यातला हा माणूस १९६२ साली विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होता. दिवसभर बिलं आणि पावत्या बघायच्या, आणि उरलेल्या वेळात लिहायचं. चीनशी युद्ध झालं त्या वर्षी त्यांनी तेलुगूत ही प्रतिज्ञा लिहिली. त्यांचे स्नेही तेन्नेटी विश्वनाथम् यांच्यामार्फत ती आंध्रच्या शिक्षणमंत्र्यांकडे पोहोचली. १९६३ मध्ये विशाखापट्टणमच्या एका शाळेत ती म्हटली गेली. १९६४ मध्ये बंगळूरला शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री आणि आपल्या मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. तिथे ठरलं आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत म्हणायला सुरुवात झाली. भाषा बदलत गेली, मजकूर तोच राहिला.

आणि गंमत बघा, की दुःख म्हणा, पुस्तकात त्यांचं नाव कितीतरी वर्षं छापलंच गेलं नाही. त्यांच्या घरचे सांगतात, की सेवानिवृत्तीनंतर एकदा नात मोठ्यानं पुस्तक वाचत होती, तेव्हा सुब्बारावांना कळलं, की आपलीच प्रतिज्ञा देशभरची मुलं म्हणताहेत! १९८८ साली ते गेले. ना मानधन, ना सत्कार. आपण रोज स्वयंपाक करतो, तो सगळे जेवतात आणि कुणी केला हे कुणी विचारत नाही, तसंच झालं की हे!

त्या मजकुरात काय आहे ते एकदा सावकाश वाचा. मला दोन गोष्टी दिसल्या. एक, त्यात झेंड्याचं नावच नाही. देश माझा, देशातली माणसं माझी भावंडं, परंपरांचा अभिमान, त्यांना लायक होण्याची धडपड, वडीलधाऱ्यांचा मान, आणि मग प्रत्येकाशी सौजन्यानं वागणं. दोन, शेवटी आपलं सुख कशात आहे असं सांगितलं आहे? तर दुसऱ्यांचं बरं होण्यात. माझा मुलगा पहिला यावा, माझा फ्लॅट मोठा व्हावा, असं काही त्यात नाही.

आणि पाईक? पाईक म्हणजे पायी चालणारा शिपाई, पायदळातला. घोडेस्वार नव्हे, सरदार तर नव्हेच. त्यावरून सेवक, इमानानं चाकरी करणारा असा अर्थ आला. आपल्याला वारसा मिळाला म्हणजे आपण त्याचे मालक झालो असं नाही, आपण त्याचे चाकर. मराठीत हा शब्द योजणाऱ्याला माझा नमस्कार. नातीला मी सांगितलं, "पाईक म्हणजे जो पुढे चालतो, ओझं उचलतो आणि तक्रार करत नाही तो." ती म्हणाली, "म्हणजे आपल्या कचऱ्याच्या मावशी?" मी गप्प!

निष्ठा सक्तीनं येते का?

अशी प्रतिज्ञा आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतली मुलंही रोज शाळेत झेंड्याशी निष्ठेची शपथ घेतात. ती १८९२ साली फ्रान्सिस बेलामी यांनी एका साप्ताहिकासाठी लिहिली, कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून. ते साप्ताहिक शाळांना झेंडेही विकत असे! म्हणजे भक्ती आणि विक्री तेव्हापासूनच हातात हात घालून. तिथली शपथ आधी झेंड्याला आणि मग देशाला आहे, आपली थेट माणसांना. पूर्वी तिथली मुलं हात पुढे ताठ करून वंदन करत. हिटलरची माणसं तसाच हात करू लागली तेव्हा १९४२ मध्ये तो प्रकार बंद झाला आणि हात छातीवर आला. १९५४ साली त्यात देवाचं नाव घातलं गेलं.

१९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कोणत्याही मुलाला झेंड्याला वंदन करायची सक्ती करता येणार नाही.

आपल्याकडेही असाच प्रसंग आला होता. १९८५ मध्ये केरळातल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं. कारण, राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की मुलांना परत शाळेत घ्या, नीट उभं राहणं हाही आदरच आहे. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, ती पातळ होऊ देऊ नका, असा न्यायमूर्तींचा सूर होता.

मला हे वाचून बरं वाटलं. देवाला हात जोडायला आपण मुलांना शिकवतो, पण त्यांच्या मनात भाव कोंबता येत नाही. तो आपलं वागणं बघून येतो. देशाचंही तसंच. पंधरा ऑगस्टला सलाम आणि सोळाला ओल्या कचऱ्यात, हे पोरांनी बघितलं तर कितीही पाठांतर करून घ्या, काय उपयोग?

घरात झेंडा असेल तर

आता कामाच्या गोष्टी. एके काळी सामान्य माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावायची मुभा नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि आपल्याला ती मोकळीक मिळाली. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

• केशरी पट्टा नेहमी वर. भिंतीवर उभा लावायचा असेल तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यायला हवा. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन.

• फाटका, चुरगळलेला, विटलेला झेंडा लावू नये. जमिनीला टेकू देऊ नये. त्यावर काही लिहू नये.

• जुलै २०२२ पासून नागरिकांना घरावर झेंडा रात्रीही ठेवता येतो. पण पाऊस-वारा बघून आपणच काळजी घ्यावी.

• टेबलक्लॉथ, उशीचा अभ्रा, हातरुमाल, नॅपकिन यांवर तिरंग्याचं भरतकाम किंवा छपाई करू नये. कमरेखालच्या कपड्यात तो वापरू नये. हा कायदाच आहे. भरतकामाची हौस असणाऱ्या मैत्रिणींनी, सांभाळा!

• घडी अशी घाला: झेंडा आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घ्या, म्हणजे वर फक्त चक्र आणि दोन्ही रंगांची किनार दिसेल. दोन्ही तळहातांवर ठेवून न्या. ओलसर घडी घालू नका, बुरशी येते. सुती पिशवीत, साड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

• फडकवण्यापूर्वी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. सव्वीस जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, तो नुसता उलगडतात. मुलांना हा फरक दाखवा.

• झेंडा वापरण्यापलीकडे गेला तर कचऱ्यात टाकायचा नाही. चारचौघांत नव्हे, खाजगीत, मानानं, शक्यतो अग्नी देऊन विसर्जित करायचा. मिरवणुकीतले कागदी झेंडेही रस्त्यावर पडू द्यायचे नाहीत.

• ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरचे आणि यंत्रावर केलेले झेंडेही चालतात. ते स्वस्त पडतात, पण जाळताना काळा धूर आणि उग्र वास येतो. म्हणून जमेल त्यांनी खादीचा एकच चांगला झेंडा घ्यावा आणि वर्षानुवर्षं वापरावा. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्याकडे नांदेडला खादीचे झेंडे तयार होतात. बेंगेरीत सूत कातण्यापासून शिवणापर्यंत बहुतेक काम बायकाच करतात. पुन्हा आपणच!

पुढे काय झालं?

आमच्या सोसायटीत मी एक खोकं ठेवलं. त्यावर नातीनं स्केचपेननं लिहिलं, 'झेंडे इथे ठेवा'. दोन दिवसांत एकोणतीस झेंडे जमले. धुऊन, इस्त्री करून बघितलं तर तेवीस चांगले निघाले. ते पुढच्या वर्षासाठी ठेवले. राहिलेले सहा आम्ही चौघी जणींनी मागच्या अंगणात, लोखंडी घमेल्यात, एकेक करून जाळले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, आणि धूर नसता तरी आलंच असतं.

मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. त्या लांब, फाटकाशी उभ्या होत्या. नात गेली आणि त्यांचा हात धरून घेऊन आली. "इथे उभ्या राहा ना, आजीच्या शेजारी," म्हणाली. सहा वर्षं त्या आमच्या दारी येताहेत, पण माझ्या शेजारी त्या उभ्या राहिल्या त्या पहिल्यांदाच. नंतर चहाला बसल्या. त्यांना किती मुलं आहेत, तेही मला त्या दिवशी कळलं.

जाताना त्यांनी धुतलेल्यातला एक झेंडा मागून घेतला. "आमच्या वस्तीत समाजमंदिरावर लावीन," म्हणाल्या. दोन्ही हातांवर घेतला, आम्ही नुकतीच शिकलो होतो तशी घडी त्यांनी एकदा बघून बरोबर घातली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या सोळा ऑगस्टच्या सकाळी एवढं कराच. बाल्कनीतला झेंडा उतरवाल तेव्हा मुलांना हाताशी घ्या, त्यांच्याकडून घडी घालून घ्या. आणि पाईक म्हणजे काय असं त्यांनी विचारलं, तर माझ्यासारखं अडखळू नका.